कर्करोग आहे, पण कोणता? श्वासमार्गातल्या पेशी काय सांगतात

खोकला दोन महिने थांबत नव्हता म्हणून छातीचा फोटो काढला, फोटोत डाग दिसला म्हणून सीटी स्कॅन झाला, आणि मग डॉक्टरांनी ‘दुर्बीण टाकून नमुना तपासायला पाठवू’ असे सांगितले. आठवड्याभराने हाती आलेल्या कागदावरचा एकच शब्द घरातल्यांना कळतो, तो म्हणजे कॅन्सर. त्याच्या पुढेमागे ‘स्क्वॅमस’, ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’, ‘टीटीएफ-१’, ‘सेल ब्लॉक’ असे जे काही लिहिलेले असते त्याचा कुणालाच उलगडा होत नाही, आणि डॉक्टर मात्र उपचार सुरू करण्याऐवजी आणखी एक तपासणी सांगतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्लाइड न्यायला प्रयोगशाळेच्या खिडकीशी आलेल्या नातेवाइकांनी ‘रोग सापडला ना, मग आता आणखी काय तपासायचं राहिलंय?’ असे विचारलेले मी अनेकदा ऐकले आहे. त्या खिडकीत उभ्या उभ्या देता येत नाही असे हे उत्तर आहे.

२०२२ साली जगभरात सुमारे २४ लाख ८० हजार लोकांना फुफ्फुसाच्या कर्करोगाचे नव्याने निदान झाले आणि सुमारे १८ लाख लोक त्याने दगावले. भारतात त्या वर्षातले नवे रुग्ण ८० हजारांहून अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२५ च्या आरंभी या आकड्यांची प्रकारवार फोड प्रसिद्ध केली, तेव्हा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा एकच प्रकार पुरुष रुग्णांपैकी सुमारे ४६ टक्क्यांत आणि स्त्री रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांत असल्याचे दिसले. विडी-सिगारेटला कधीही हात न लावलेल्या माणसांना होणारा फुफ्फुसाचा कर्करोगही बहुतेक वेळा याच प्रकारचा असतो, ही बातमी पुष्कळांनी वाचली असेल. अशी फोड करता येते, कारण एकेका रुग्णाच्या पेशी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिथे त्या प्रकाराचे नाव लिहिलेले असते.

तुकडा वेगळा, पेशी वेगळ्या

रुग्णाच्या बोलण्यात ‘तुकडा तपासायला पाठवला’ असे येते ती बायोप्सी. तिच्यात गाठीचा लहानसा भाग जसाच्या तसा काढला जातो आणि पेशींची मूळची मांडणी टिकून राहते. सायटॉलॉजी, म्हणजे पेशी-तपासणी, ही त्याहून निराळी असते. तिच्यात पेशी सुट्या किंवा लहान लहान पुंजक्यांच्या रूपात मिळतात, काचेवर पसरल्या जातात आणि एकेक करून पाहिल्या जातात. शेतात उभे पीक पाहणे आणि खळ्यावर झोडपून आलेले दाणे पाहणे यांत जो फरक आहे तोच इथे आहे. दाण्यांवरून शेत किती एकरांचे होते किंवा पीक बांधापलीकडे गेले होते का हे सांगता येणार नाही. पण ज्वारी की बाजरी, आणि ज्वारी असेल तर मालदांडी की दगडी, हे जाणता शेतकरी दाणे तळहातावर घेऊन सांगू शकतो.

हे दाणे आपल्या हाती येतात याला कर्करोगाचा एक गुणधर्म कारणीभूत आहे. निरोगी पेशी शेजारच्या पेशींना घट्ट धरून असतात. कर्करोगाच्या पेशींची ही पकड सुटत जाते, त्या अस्तरातून गळून पडतात, कफात मिसळतात आणि खोकल्याबरोबर बाहेर येतात. ग्रीसमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये आयुष्यभर काम केलेले जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी अशा गळून पडलेल्या पेशी रंगवून वाचण्याची पद्धत बसवली. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची ‘पॅप’ तपासणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि त्याच रंगांनी आजही फुफ्फुसातून आलेल्या पेशी रंगवल्या जातात.

बेडका: सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित नमुना

बेडका तपासायला ना भूल लागते, ना सुई, ना मोठा खर्च. तरीही प्रयोगशाळेत येणाऱ्या डब्यांपैकी बऱ्याच डब्यांत बेडका नसून लाळ असते, हे दुःखाने सांगावे लागते. लाळेत तोंडाच्या अस्तराच्या पेशी असतात. फुफ्फुसाचे त्यात काहीच नसते. नमुना खरोखर खोलवरून आला आहे की नाही हे आम्ही एका खुणेवरून ओळखतो. फुफ्फुसाच्या वायुकोशांत धूळ आणि काजळी गिळून साफसफाई करणाऱ्या मोठ्या पेशी असतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत राहणाऱ्या माणसाच्या या पेशींत काळे कण अक्षरशः ठासून भरलेले दिसतात. काचेवर या धूळपेशी दिसल्या तरच नमुना फुफ्फुसातला आहे असे धरायचे. त्या नसतील तर ‘कर्करोगाच्या पेशी नाहीत’ असे लिहिण्याला काही अर्थ उरत नाही. ‘नमुना अपुरा’ असेच लिहावे लागते.

म्हणून पद्धत अशी असते: सकाळी उठल्यावर काही खाण्यापिण्यापूर्वी साध्या पाण्याने चूळ भरायची, खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचे, आणि जे वर येईल ते डब्यात घ्यायचे. असे किमान तीन दिवस लागोपाठ करावे, कारण गाठीतून पेशी रोज सारख्या गळत नाहीत. पान, तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्यांनी चूळ विशेष काळजीने भरावी. सुपारीचे आणि पानाचे सूक्ष्म कण रंग घेऊन काचेवर असे काही दिसतात की शिकाऊ डोळ्याला ती मोठ्या गडद केंद्रकाची संशयास्पद पेशी वाटावी. नीट पाहिले की वनस्पतीच्या पेशीची जाड, चौकोनी भिंत दिसते आणि शंका फिटते.

मिळालेल्या बेडक्यावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा आहे की फुफ्फुसाचा कर्करोग असलेल्या १०० माणसांपैकी सुमारे ६६ जणांत तो बेडक्यातून सापडतो. गाठ मोठ्या श्वासनलिकेत, छातीच्या मध्यभागी असेल तर हे प्रमाण ७० च्या आसपास जाते. ती फुफ्फुसाच्या कडेला असेल तर निम्म्याच्या जेमतेम खाली राहते. उलट, ज्यांना कर्करोग नाही अशा १०० जणांपैकी सुमारे ९९ जणांना बेडका तसेच सांगतो. म्हणजे बेडक्यात कर्करोग दिसला तर तो बहुधा खराच असतो, आणि दिसला नाही तर प्रश्न सुटलेला नसतो.

दुर्बिणीच्या टोकाशी

बेडक्यात पेशींनी आपण होऊन बाहेर यावे अशी वाट पाहावी लागते, तर ब्रॉन्कोस्कोपीत, म्हणजे श्वासमार्गाच्या दुर्बिणीत, डॉक्टर पेशींपाशी जातात. १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियान यांनी ताठ नळी घालून एका माणसाच्या श्वासनलिकेत अडकलेले हाडूक काढले, आणि १९६० च्या दशकात जपानमधल्या शिगेतो इकेदा यांनी वाकणारी दुर्बीण बनवली. आज नाकातून किंवा तोंडातून जी बारीक नळी घालतात ती त्याच दुर्बिणीची पुढची पिढी आहे.

या नळीतून पेशी मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. संशयित भागावर थोडे सलाईन सोडून ते परत ओढून घेतले की झाले धुवण. तेच अधिक सलाईन घेऊन फुफ्फुसाच्या एका भागात खोलवर केले की वायुकोशांपर्यंतच्या पेशी हाती येतात. गाठ डोळ्यांना दिसत असेल तर तिच्यावर बारीक ब्रश फिरवतात. आणि गाठ श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडे असेल, किंवा तिथल्या लसीका ग्रंथी सुजलेल्या असतील, तर दुर्बिणीच्या टोकावरच सोनोग्राफी बसवलेली असते. तिच्यात पाहत पाहत भिंतीतून सुई घालून पेशी ओढल्या जातात. या शेवटच्या प्रकाराने मोठाच फरक पडला आहे, कारण एकाच वेळी रोगाचा प्रकारही कळतो आणि तो ग्रंथींपर्यंत पोहोचला आहे का हेही कळते.

ब्रशच्या नमुन्याविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे. दुर्बिणीतून बाहेर आलेला ब्रश काचेवर हलकेच गोल गोल फिरवायचा आणि ती काच ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलच्या बरणीत बुडवायची, एवढेच ते काम आहे. पण ‘ओली असतानाच’ याचा अर्थ एक-दोन सेकंद असा आहे. काच टेबलावर ठेवून बरणीचे झाकण उघडायला वळले तरी तेवढ्यात कडेच्या पेशी सुकतात. सुकलेल्या पेशीचे केंद्रक फुगते, त्यातली बारीक नक्षी पुसट होते आणि ती उगाच तांबूस-केशरी रंग घेते. आपण पुढे पाहू की केशरी रंग ही एका प्रकारच्या कर्करोगाची महत्त्वाची खूण आहे, तेव्हा हा दोष किती घातक ठरू शकतो हे लक्षात येईल. एकदा एका रुग्णालयातून आलेल्या चारही काचा अशा सुकलेल्या निघाल्या आणि सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाची दुर्बीण पुन्हा करायला सांगावे लागले. त्या दिवसाची बोचणी अजून गेलेली नाही. काही काचा मुद्दाम वाळवून दुसऱ्या रंगासाठी ठेवतात, पण तो निराळा, ठरवून केलेला भाग आहे.

काही रुग्णालयांत पॅथॉलॉजिस्ट स्वतः दुर्बिणीच्या खोलीत सूक्ष्मदर्शक घेऊन बसतात, पहिलीच काच मिनिटभरात रंगवून पाहतात आणि ‘पुरे’ किंवा ‘आणखी एकदा’ असे सांगतात. जिथे ही सोय आहे तिथे दुसऱ्यांदा दुर्बीण करण्याची वेळ कमी येते.

तीन चेहरे

आता मुख्य भाग. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रकार पुष्कळ असले तरी रोजच्या कामात तीन नावे सारखी येतात.

पहिला स्क्वॅमस. हा बहुधा मोठ्या श्वासनलिकांत उगवतो आणि धूम्रपानाशी त्याचे नाते घट्ट आहे. या पेशी केराटिन तयार करतात, तेच प्रथिन ज्याने आपली नखे आणि केस बनलेले असतात. पापानिकोलाऊंच्या रंगांत केराटिन झेंडूच्या पाकळीसारखे लख्ख केशरी दिसते. निळ्या-हिरव्या पार्श्वभूमीवर अशी एक केशरी पेशी, तीही बेडूकमाशासारखी शेपटी असलेली, आणि तिच्या मध्यभागी शाईचा टिपका पडावा तसे काळेभोर केंद्रक, हे दृश्य एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. भोवती मेलेल्या पेशींचा चुरा पसरलेला असतो. काही पेशींचे तर केंद्रकही नाहीसे झालेले असते आणि नुसती केशरी सावली उरते.

दुसरा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कर्करोग. हा अनेकदा फुफ्फुसाच्या कडेला वाढतो, त्यामुळे खोकला उशिरा येतो आणि कित्येकदा छातीत पाणी झाल्यावरच रोग लक्षात येतो. याच्या पेशी गोलसर पुंजक्यांनी येतात. सूक्ष्मदर्शकाची चकती फिरवून वरखाली पाहिले की एका थराखाली दुसरा थर दिसतो, म्हणजे तो पुंजका सपाट नसून चेंडूसारखा आहे हे कळते. केंद्रक पेशीच्या एका कडेला सरकलेले, त्याच्या आतला ठिपका ठसठशीत, आणि बाकीची पेशी ताकावरच्या फेसासारखी पोकळ-पोकळ, कधी आत चिकट स्राव भरलेली.

तिसरा स्मॉल सेल. एकूण रुग्णांत याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आतबाहेर असते, पण तो सर्वांत वेगाने पसरतो. या पेशी खरोखर लहान असतात, रक्तातल्या लिंफोसाइट या पांढऱ्या पेशीच्या तिपटीपेक्षा कमी. पेशीत केंद्रकाखेरीज जवळजवळ काही नसतेच. डब्यात दाटीने भरलेले मऊ पेढे जसे एकमेकांच्या अंगाचा आकार घेतात, तशी ही केंद्रके एकमेकांत दाबून बसलेली दिसतात, आणि आत रवा भुरभुरावा तसे बारीक सारखे दाणे असतात. या पेशी इतक्या नाजूक असतात की काचेवर पसरताना जराशा दाबाने चिरडतात आणि निळ्या रेघा ओढल्यासारख्या दिसू लागतात. त्या रेघासुद्धा निदानाला मदत करतात.

स्मॉल सेल की बाकीचे, हा पहिला फाटा पेशी चांगल्या जपलेल्या असतील तर सायटॉलॉजी फार विश्वासाने सांगते. काही वेळा तर चिमट्याने काढलेल्या, चिरडलेल्या तुकड्यापेक्षा ब्रशच्या काचेवर ते अधिक स्पष्ट दिसते. स्क्वॅमस की अ‍ॅडेनो, हा दुसरा फाटा मात्र नेहमी इतका सरळ नसतो.

नावाने काय बिघडते?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खरोखरच फारसे बिघडत नसे. ‘स्मॉल सेल’ किंवा ‘स्मॉल सेल नव्हे’ एवढे लिहिले तरी भागायचे, कारण स्क्वॅमस आणि अ‍ॅडेनो या दोघांनाही जवळपास सारखीच औषधे दिली जात. मग एकामागून एक गोष्टी घडल्या. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध दिल्यावर स्क्वॅमस प्रकाराच्या काही रुग्णांना फुफ्फुसात जीवघेणा रक्तस्राव झाल्याचे आढळले, आणि त्या प्रकारात ते टाळले जाऊ लागले. २००८ मध्ये पेमेट्रेक्सेड हे केमोचे औषध अ‍ॅडेनोकार्सिनोमात अधिक चांगले आणि स्क्वॅमसमध्ये कमी उपयोगी पडते असे एका मोठ्या चाचणीत दिसले.

त्याआधी, २००४ मध्ये, ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडला होता. हा बदल असलेल्या गाठीवर जेफिटिनिबसारखी गोळी काम करते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशियाई रुग्णांवरच्या अभ्यासाने त्याची दुसरी बाजूही दाखवली: बदल असलेल्यांना गोळी केमोपेक्षा चांगली, आणि बदल नसलेल्यांना गोळीपेक्षा केमो चांगली. म्हणजे न तपासता गोळी देणे हे निम्मे उपचार नसून काही रुग्णांसाठी नुकसान आहे. भारतातल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांत हा बदल साधारण चारातल्या एकात ते तिनातल्या एकात आढळतो, हे प्रमाण युरोपीय रुग्णांपेक्षा बरेच जास्त आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात असा बदल असलेल्या ३५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत गोळीला केमोची जोड दिल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. पण ही सारी वाट ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ या नावापासून सुरू होते. स्मॉल सेलची वाट तर पहिल्यापासूनच निराळी: तिथे शस्त्रक्रियेला क्वचितच जागा असते आणि केमो लवकरात लवकर सुरू करावी लागते.

रंगाने ठरत नाही तेव्हा

कधी कधी पेशी कर्करोगाच्या आहेत यात शंका नसते, पण ना केशरी रंग, ना फेसाळ पोकळ्या. अशा वेळी आपण माणसाला विचारतो तसे पेशीला विचारावे लागते: मूळ गाव कोणते? प्रत्येक पेशी आपल्या मुळाशी जुळणारी काही प्रथिने बनवते. त्या त्या प्रथिनालाच चिकटणारे द्रव्य टाकले की प्रथिन असलेल्या पेशी तपकिरी होतात. टीटीएफ-१ तपकिरी झाले तर अ‍ॅडेनोकार्सिनोमा, पी-४० झाले तर स्क्वॅमस, आणि सिनॅप्टोफायसिन किंवा क्रोमोग्रॅनिन यांसारखी प्रथिने दिसली तर स्मॉल सेलच्या बाजूचा विचार. टीटीएफ-१ अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या साधारण चारातल्या तिघांतच दिसते, आणि ते थायरॉइडच्या पेशींतही असते, दोन गावांत एकच आडनाव असावे तसे. शिवाय फुफ्फुसात सापडलेला कर्करोग स्तनातून, आतड्यातून किंवा मूत्रपिंडातून आलेला असू शकतो. म्हणून पूर्वी झालेल्या कोणत्याही कर्करोगाची माहिती नमुन्याच्या कागदावर लिहिलेली असणे फार गरजेचे आहे. ती लपवली किंवा राहून गेली तर आम्ही चुकीच्या गावात शोधत बसतो.

या चाचण्यांसाठी सेल ब्लॉक लागतो. धुवणातला किंवा सुईतला गाळ तळाशी बसवून घट्ट करतात, फॉर्मलिनमध्ये ठेवतात आणि मेणात घालून वडी करतात. त्या वडीच्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट जाडीच्या, चकत्या काढता येतात, आणि सुट्या पेशींची अशी जणू छोटी बायोप्सीच तयार होते. अडचण एवढीच की पेशी मोजक्या असतात. प्रकार ठरवायला चार चकत्या, मग ईजीएफआरला, एएलके आणि आरओएस-१ या आणखी दोन जनुकांना, पीडी-एल१ या प्रथिनाला, अशी मागणी वाढत जाते. दुष्काळात आडातले पाणी पुरवून वापरावे तशा त्या वापराव्या लागतात. म्हणूनच जागतिक वर्गीकरणाचा सल्ला असा आहे की प्रकार ठरवायला शक्यतो दोनच प्रथिनांचे रंग वापरा, एक अ‍ॅडेनोसाठी आणि एक स्क्वॅमससाठी, आणि उरलेल्या पेशी जनुकांच्या तपासणीसाठी राखून ठेवा. माझ्या मते हा गेल्या पंधरा वर्षांतला आमच्या शाखेला मिळालेला सर्वांत शहाणा सल्ला आहे. दहा रंगांची यादी पाहून रिपोर्ट भारदस्त वाटतो, पण ब्लॉक संपलेला असतो.

एवढे करूनही प्रकार ठरला नाही तर तसे स्पष्ट लिहिणे हेच बरोबर. ‘स्मॉल सेल नाही, पुढचा प्रकार ठरवता येत नाही’ हे वाक्य वाचून रागावू नये.

‘कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत’ म्हणजे सुटलो का?

नाही. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर धान्य काढले आणि त्यात कीड नाही, एवढ्यावरून सगळे पोते चांगले ठरत नाही. नळी किडीच्या जागी पोहोचली होती का, हे पाहावे लागते. सीटीमध्ये काटेरी कडांची गाठ दिसते आहे, वजन उतरते आहे, कफात रक्त पडते आहे आणि बेडका मात्र स्वच्छ आहे, अशा वेळी बेडक्याचे ऐकायचे नसते. दुसऱ्या मार्गाने नमुना घ्यायचा असतो.

‘टीबीच असेल, कोर्स सुरू करून पाहू’

आपल्याकडे छातीच्या फोटोत डाग दिसला की आधी क्षयाचा विचार होतो, आणि तो करायलाच हवा. घोटाळा होतो तो जंतू सापडलेले नसताना कोर्स सुरू होतो आणि दीड-दोन महिन्यांत काही फरक न पडताही तो तसाच चालू राहतो तेव्हा. दोन्ही रोग एकाच माणसात असू शकतात, क्षयाच्या जुन्या व्रणाशेजारी कर्करोग असू शकतो, म्हणून एकाचा पुरावा मिळाला म्हणून दुसऱ्याची तपासणी थांबवू नये. याउलट क्षयाची पोकळी, तिच्यात वाढलेली बुरशी, जुना दमा किंवा नुकताच झालेला न्यूमोनिया यांमुळे निरोगी पेशीही इतक्या विद्रूप होतात की कर्करोगाचा भास व्हावा. अशा वेळी पेशीच्या माथ्यावर झाडूच्या काड्यांसारखे बारीक केस शाबूत दिसले की जीव भांड्यात पडतो, कारण ते केस असलेली पेशी जवळजवळ नेहमी निरोगीच असते. दुर्बिणीतून घेतलेल्या पाण्याचे दोन भाग करून एक अल्कोहोल न घालता जंतूंच्या तपासणीला आणि एक पेशींच्या तपासणीला पाठवणे हा साधा उपाय आहे. अल्कोहोल पडलेल्या नमुन्यात जंतूंची वाढ करता येत नाही.

‘सुई लागली की रोग पसरतो’

ही भीती मी सुशिक्षित घरांतही पाहिली आहे आणि तिच्यापायी महिने वाया गेलेले पाहिले आहेत. सुईच्या वाटेने कर्करोग वाढल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, पण त्या अत्यंत क्वचित आहेत. बेडका, धुवण आणि ब्रश यांत तर कुठे टोचायचेही नसते. निदान न करता थांबल्याने रोग वाढतो, ही मात्र रोजची गोष्ट आहे.

स्कॅन किंवा रक्त तपासून का भागत नाही?

पेट स्कॅनमध्ये जिथे साखर जास्त वापरली जाते ती जागा उजळते. कर्करोग उजळतो, तसाच क्षयही उजळतो. रक्तातून गाठीचे जनुकीय अंश शोधण्याची तपासणी आता उपलब्ध आहे आणि जिथे पुन्हा नमुना घेणे शक्य नाही तिथे ती मोलाची ठरते. पण तिच्यात बदल सापडला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही, आणि रोगाचे मूळ नाव तिच्यातून लिहिता येत नाही.

मग सगळ्याच धूम्रपान करणाऱ्यांचा बेडका दरवर्षी तपासावा का? हा प्रयोग अमेरिकेत १९७० च्या दशकात तीन मोठ्या केंद्रांत हजारो पुरुषांवर करून झाला. छातीच्या फोटोला बेडक्याची जोड दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. मृत्यू कमी झाल्याचे दाखवले ते कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने. २०११ च्या अमेरिकी चाचणीत, ५३ हजारांहून अधिक लोकांत, फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. आपल्याकडे क्षयाचे जुने डाग असलेली छाती घरोघर आढळते, त्यामुळे तो मार्ग इथे जसाच्या तसा आणणे सोपे नाही. बेडक्याची जागा लक्षणे असलेल्या माणसाच्या तपासणीत आहे.

रिपोर्ट हाती आल्यावर

२०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने फुफ्फुसाच्या पेशी-तपासणीसाठी पाच पायऱ्या ठरवून दिल्या आहेत: नमुना अपुरा, निरोगी, वेगळेपणा आहे पण कारण स्पष्ट नाही, कर्करोगाचा दाट संशय, आणि कर्करोग. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर शस्त्रक्रिया किंवा केमोचा निर्णय घ्यायचा नसतो, पुन्हा नमुना घ्यायचा असतो. शेवटच्या पायरीवर प्रकार लिहिलेला आहे का, सेल ब्लॉक तयार झाला आहे का, आणि त्यात पुढच्या तपासण्यांपुरत्या पेशी उरल्या आहेत का, हे तीन प्रश्न नातेवाइकांनी निःसंकोच विचारावेत.

दुसरे मत घ्यायचे असेल, किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जायचे असेल, तर नुसता कागद नेऊन चालत नाही. तिथले पॅथॉलॉजिस्ट मूळ काचा आणि ब्लॉक पुन्हा पाहतात. प्रयोगशाळेकडे अर्ज केला की ते मिळतात. काचा प्लास्टिकच्या डबीत उभ्या ठेवून, कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून न्याव्यात, कारण फुटलेली काच पुन्हा बनत नाही. ब्लॉक मेणाचा असतो. तो उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा एसटीच्या खिडकीशी ठेवू नये; हाताच्या पिशवीत, सावलीला ठेवावा.